एक माणूस, पाच मेल आयडी

आदिलाबादहून निर्मलकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तीसेक किलोमीटरवर इचोडा लागते. मंडलाचे गाव. बोथ, बजारहत्नूर, नेरडिगोंडा, सिरीकोंडा अशा आजूबाजूच्या मंडलांतली माणसे बाजाराला आणि कामाला इथे येतात. तेलंगणातल्या या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी उर्दू, आतल्या गुड्यांत (गोंडांच्या पाड्यांत) गोंडी, तांड्यांवर लंबाडी. अर्ज मात्र सगळ्यांना इंग्रजीतच भरावा लागतो.

मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की घरात अर्जांचा हंगाम सुरू होतो. तेलंगणात पदवीला प्रवेश घ्यायचा तर 'दोस्त' ही ऑनलाइन व्यवस्था, अभियांत्रिकीला ईएपीसेट, शिष्यवृत्तीला ई-पास, डॉक्टर व्हायचे तर नीट. सीमा जवळ असल्यामुळे नांदेड, यवतमाळ, नागपूर ही शहरेही डोळ्यांसमोर असतात. तिथे वेगळी संकेतस्थळे, वेगळे नियम. प्रत्येक अर्जात एक रकाना ठरलेला: ईमेल. मीसेवा केंद्रात (महाराष्ट्रात 'आपले सरकार' केंद्र असते तसे) किंवा झेरॉक्सवाल्याकडच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला जातो. "मेल आयडी आहे का?" "होता, पासवर्ड आठवत नाही." "थांबा, नवीन काढून देतो." दोन मिनिटांत नवा आयडी निघतो. पासवर्ड पावतीच्या मागे लिहिला जातो आणि रिकव्हरीसाठी बऱ्याचदा केंद्रातल्याच माणसाचा मोबाइल नंबर टाकला जातो. पुढच्या वर्षी पावती सापडत नाही आणि आणखी एक आयडी निघतो.

असे करत पंचविशी गाठेपर्यंत एका माणसाचे चार-पाच पत्ते होतात. त्यांतला एखादा फोनमध्ये उघडा असतो, एखादा आठवणीत असतो, बाकीचे कुणाच्याच ताब्यात नसतात. या प्रकरणाचा विषय हाच आहे: अनेक पत्ते कसे सांभाळायचे, वेबमेल कधी वापरायचे, कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्राम कधी, आणि दोन्हींचा मेळ कसा घालायचा. तांत्रिक भाग सोपा आहे. अवघड भाग आहे तो प्रत्येक पेटीची किल्ली स्वतःच्या हातात आणण्याचा, आणि तो आधी झाल्याशिवाय पुढचे काहीही उपयोगाचे नाही.

हे केवळ सोयीचे प्रकरण नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला तेव्हा कापसाचे व्यापारी, खत-बियाण्यांचे दुकानदार, हार्डवेअरवाले सगळ्यांनी घाईने नोंदणी केली. कित्येकांनी ईमेलच्या रकान्यात हिशेबनिसाचा पत्ता दिला, कारण स्वतःचा नव्हताच. आता केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १६९ पाहा. नोटीस बजावण्याचे जे मार्ग तिथे दिले आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवणे हाही एक आहे. म्हणजे पत्र हिशेबनिसाच्या पेटीत पडले आणि त्याने ते उघडलेच नाही, तरी कायद्याच्या नजरेत ते तुम्हाला मिळालेले असू शकते. आपल्या पेटीवर आपला ताबा नसणे किती महागात पडू शकते, ते इथे दिसते.

प्रत्येक मेल खात्यात तीन गोष्टी वेगळ्या असतात, आणि त्या वेगळ्या पाहायची सवय लागली की बराचसा गोंधळ आपोआप सुटतो. एक, पत्ता. दुसरी, पेटी, म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरची जागा, जिथे पत्रे साठतात. तिसरी, त्या पेटीपर्यंत जाण्याची वाट. पत्त्याचा साचा जुना आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ साली अर्पानेट या जाळ्यावर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवला, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने ॲट हे चिन्ह ठेवले. ते आजही तिथेच आहे. वाटा मात्र बदलत गेल्या.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते म्हणजे काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे होती. ज्यांच्याकडे महागडे खाते होते ते युडोरासारखा प्रोग्राम वापरत. तो स्टीव्ह डॉर्नर याने १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिला होता. मग ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. ब्राउझर उघडा, कुठूनही पत्र वाचा, पैसे नाहीत. सायबर कॅफेच्या त्या काळाला हे अगदी मानवले. मुंबईच्या रेडिफनेही आपली मेल दिली आणि मराठी मध्यमवर्गातल्या कितीतरी जणांचा पहिला पत्ता रेडिफमेलचा होता. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले ते एक जीबी जागा घेऊन. त्या वेळी हॉटमेल दोन एमबी आणि याहू चार एमबी देत होते. लोक जीमेलकडे गेले, पण जुने पत्ते बँकेत, विम्याच्या कागदांत, परदेशातल्या नातेवाइकांच्या वह्यांत तसेच राहिले. तरुणांचे पाच पत्ते अर्जांमुळे झाले; त्यांच्या काका-मामांचे पाच पत्ते या इतिहासामुळे.

वेबमेल म्हणजे ब्राउझरमधून थेट पेटीत डोकावणे. मेल प्रोग्राम म्हणजे थंडरबर्ड, आउटलुक यांसारखे सॉफ्टवेअर. ते आपल्या कॉम्प्युटरवर बसते आणि एकाच खिडकीत अनेक पेट्या दाखवते. ते सर्व्हरशी दोनपैकी एका भाषेत बोलते: पॉप किंवा आयमॅप. हा फरक मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण माणसांची वर्षानुवर्षांची पत्रे गेलेली पाहिली की कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

पॉपची पहिली आवृत्ती १९८४ ची आणि आज चालते ती तिसरी १९८८ ची. त्या काळी माणसाकडे एकच कॉम्प्युटर असे, फोनची लाइन महाग असे आणि सर्व्हरवर जागा कमी असे. म्हणून पॉपचे काम ठरलेले: जोडा, उतरवा, पुसा, लाइन सोडा. मेल प्रोग्राम आधी नाव आणि पासवर्ड सांगतो. मग यादी मागतो. 'आरईटीआर' अशी आज्ञा देऊन एकेक पत्र उतरवून घेतो, 'डीईएलई' म्हणून त्यावर पुसण्याची खूण करतो, आणि शेवटी 'क्विट' म्हटले की सर्व्हर खूण केलेली सगळी पत्रे खरोखर पुसून टाकतो. संवाद एवढाच. वाचलेले-न वाचलेले, फोल्डर, पाठवलेली पत्रे यांतले काहीच पॉपला ठाऊक नाही. त्याला फक्त इनबॉक्स कळतो.

आता दुकानातल्या कॉम्प्युटरची कल्पना करा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आउटलुक बसवून दिले आणि खाते पॉपने जोडले. मालकाला काही कळले नाही, पत्रे येत होती. पुढे फोनवर तेच खाते उघडले तर इनबॉक्समध्ये फक्त गेल्या दोन आठवड्यांची पत्रे. बाकीची गेली कुठे? आउटलुकच्या कित्येक आवृत्त्यांत पॉप खात्याला 'सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढा' ही खूण आधीपासून केलेली असते. म्हणजे जुनी पत्रे आता फक्त दुकानातल्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि विजेच्या एखाद्या झटक्यात ती डिस्क गेली की पत्रेही गेली. जीमेलमध्ये मात्र हा निर्णय जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये होतो: पॉपने पत्र उतरवले की मूळ प्रत इनबॉक्समध्ये ठेवायची, संग्रहात टाकायची की पुसायची, हे तिथे विचारलेले असते. ते एकदा उघडून पाहावे.

आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेली रचना. तिच्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि प्रोग्राम फक्त त्याची प्रत दाखवतो. सातबाऱ्यासारखे समजा: मूळ नोंद दफ्तरात, आपल्या हातात उतारा, आणि फेरफार दफ्तरात झाला की पुढचा प्रत्येक उतारा तोच दाखवणार. फोनवर पत्र वाचले तर कॉम्प्युटरवरही ते वाचलेले दिसते. कॉम्प्युटरवर 'शिष्यवृत्ती' नावाचा फोल्डर केला तर वेबमेलमध्येही तो दिसतो. पाठवलेली पत्रे सगळीकडे सारखी. एकापेक्षा जास्त यंत्रे वापरणाऱ्या माणसाने, म्हणजे ज्याच्याकडे साधा स्मार्टफोन आहे अशा प्रत्येकाने, आयमॅपच निवडावे. पॉपची बाजू घेणारे जुने जाणकार अजून भेटतात आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही: पत्रे परक्या सर्व्हरवर ठेवू नयेत. पण त्यासाठी वेगळी सुरक्षित प्रत काढता येते. पॉपमुळे एकमेव प्रत धोक्यात येते.

आयमॅपचा धोका उलटा आहे आणि तोही सांगायला हवा. प्रोग्राममधून पत्र पुसले तर ते मूळ पेटीतून पुसले जाते. 'कॉम्प्युटरवर जागा कमी आहे, इथली पत्रे काढून टाकतो' असे म्हणून कुणी पाच हजार पत्रे निवडून डिलीट दाबले, तर ती फोनवरूनही जाणार. जागेसाठी पुसायचे नाही. फक्त ताज्या काही महिन्यांची पत्रे उतरवून ठेवा असे प्रोग्रामला सांगायचे. थंडरबर्डमध्ये हे प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येते.

पॉपवर असलेले खाते आयमॅपवर नेता येते, पण खूण बदलून नाही. तेच खाते आयमॅप म्हणून नव्याने जोडायचे. मग डावीकडच्या यादीत ते दोनदा दिसेल: एक जुने, हार्ड डिस्कवरचे, एक नवे, सर्व्हरवरचे. जुन्यातली पत्रे उचलून नव्याच्या फोल्डरमध्ये टाकायची, म्हणजे ती सर्व्हरवर चढतात. एका वेळी एका वर्षाची पत्रे घ्यावीत, हलवण्याऐवजी कॉपी करावी, आणि वेबमेलमध्ये ती पोचल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच जुने खाते काढावे. घाई केली तर अर्ध्यावर नेट तुटते आणि कुठले चढले, कुठले राहिले ते शोधत बसावे लागते.

थंडरबर्ड हा मोझिलाचा प्रोग्राम विनामूल्य आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ ची. नवे खाते जोडताना तो नाव आणि पत्ता विचारतो आणि नामांकित सेवांसाठी सर्व्हरची माहिती स्वतःच शोधून भरतो. इथे आयमॅप निवडले आहे ना ते पाहायचे. पुढे जीमेलसाठी गूगलची लॉगिन खिडकी उघडते, तिथे पासवर्ड आणि फोनवरची पुष्टी दिली की गूगल थंडरबर्डला एक परवाना देते. पासवर्ड प्रोग्रामजवळ राहत नाही. पूर्वी नुसता पासवर्ड टाकून चालायचे; गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ते ३० मे २०२२ पासून बंद केले आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर 'पासवर्ड बरोबर आहे तरी चुकीचा म्हणतो' अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. प्रोग्राम जुना आहे, नव्या पद्धतीचे लॉगिन त्याला येत नाही. प्रोग्राम नवा बसवावा. ते शक्यच नसेल तर गूगल खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप-पासवर्ड घेता येतो, आणि तो फक्त त्या एका प्रोग्रामला द्यायचा.

पाचही खाती जोडून झाली की फोल्डरांच्या यादीवर 'एकत्रित फोल्डर' हा पर्याय निवडावा. सगळे इनबॉक्स एका यादीत येतात, आणि तरीही प्रत्येक पत्र आपापल्या पेटीतच राहते. उत्तर देताना मात्र 'प्रेषक' या ओळीकडे नजर टाकायची सवय लावून घ्या. थंडरबर्ड सहसा पत्र ज्या पत्त्यावर आले त्याच पत्त्यावरून उत्तर पाठवतो, पण नवे पत्र लिहायला घेतले की ज्या खात्यात उभे असाल ते खाते धरतो. महाविद्यालयाला शिष्यवृत्तीबद्दल विचारणारे पत्र दुकानाच्या पत्त्यावरून गेले तर तिकडचा कारकून अर्जातला पत्ता जुळत नाही म्हणून ते बाजूला ठेवणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मायक्रोसॉफ्टच्या वापरकर्त्यांसाठी एक गोष्ट. विंडोजमधला जुना मेल प्रोग्राम ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झाला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आले. त्यात जीमेल किंवा याहूचे खाते जोडले तर पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. ज्याला हे चालत असेल त्याने खुशाल वापरावे. वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांनी मात्र दोनदा विचार करावा असे मला वाटते.

हे सगळे स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी. केंद्रातल्या, कॅफेतल्या किंवा कचेरीतल्या सामायिक कॉम्प्युटरवर मेल प्रोग्रामचे नावही काढू नये. तिथे पत्रे त्या डिस्कवर उतरतात आणि तुम्ही उठून गेल्यावरही तिथेच राहतात. तिथे वेबमेल, तेही ब्राउझरच्या खासगी खिडकीत. ब्राउझर 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' विचारेल, त्याला नाही म्हणायचे. काम झाले की आधी खात्यातून बाहेर पडायचे, मग खिडकी बंद करायची. घाईत राहून गेले असेल तर फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर 'तुमची उपकरणे' पाहता येतात आणि ज्याचा संशय येईल त्याला तिथूनच बाहेर काढता येते.

आणि आता तो रिकव्हरी नंबर. प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे कुणाचा मोबाइल आहे ते पाहा. केंद्रचालकाचा असेल तर तो आजच बदला. या लोकांवर माझा रोख नाही. दिवसभर रांग लागलेली असते, पुढच्याकडे फोन नसतो किंवा रेंज नसते, आणि अर्जाची मुदत संध्याकाळी संपणार असते. आदिलाबादच्या डोंगराळ मंडलांत महामार्ग सोडून आत गेले की रेंज जाते, ओटीपी वेळेवर येत नाही. म्हणून ते बिचारे आपला नंबर टाकून काम उरकतात. पण ज्याच्या नंबरवर रिकव्हरी, त्याची पेटी. तो माणूस दुकान बंद करून हैदराबादला गेला, त्याने सिम बदलले आणि तो नंबर कालांतराने तिसऱ्याच कुणाला मिळाला, तर तुमचे खाते परत मिळवण्याची वाटच बंद होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांत आपला नंबर टाकायचा असेल तर त्यांना विचारून, सांगून टाकावा.

पेट्या एका खिडकीत आणण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. एक, पुढे पाठवणे: जुन्या खात्यात सांगायचे की आलेले प्रत्येक पत्र माझ्या जीमेलवर धाड. दुसरा, ओढून घेणे: जीमेलला सांगायचे की तू जाऊन त्या पेटीतली पत्रे आण. जीमेलच्या वेबवरची ही दुसरी सोय कित्येकांनी वर्षानुवर्षे वापरली; गूगलने ती जानेवारी २०२६ पासून मागे घेण्याचे जाहीर केले. म्हणून जुन्या पत्त्यावरची पत्रे अचानक यायची थांबली असतील तर खाते बिघडलेले नाही, ओढून आणणारा राहिलेला नाही. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते आयमॅपने जोडून पाहता येते. राहिला पुढे पाठवण्याचा मार्ग. तो चालतो, पण पूर्ण भरवशाचा नाही. पत्र ज्या सर्व्हरवरून येते तो पाठवणाऱ्याच्या नावाने पाठवायला अधिकृत आहे की नाही, हे आता सगळ्या मोठ्या कंपन्या तपासतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी हे नियम आणखी कडक केले. पुढे पाठवलेले पत्र मधल्याच सर्व्हरवरून येते, म्हणून कधी ते स्पॅममध्ये पडते, कधी परत जाते. वर्तमानपत्रांची पत्रके, सवलतींच्या जाहिराती यांसाठी हा मार्ग ठीक. परीक्षेचे प्रवेशपत्र ज्या पत्त्यावर येणार आहे त्यासाठी नको. शिवाय विनामूल्य खात्याला पुढे पाठवणे किंवा आयमॅप देणे प्रत्येक कंपनीला बंधनकारक नाही. जिथे देत नाहीत तिथे तो पत्ता हळूहळू रिकामा करणे हाच उपाय.

पत्रे आपोआप योग्य फोल्डरात जावीत म्हणून नियम लावता येतात, त्यांना फिल्टर म्हणतात. ते शक्यतो वेबमेलमध्ये लावावेत. थंडरबर्डमधला नियम थंडरबर्ड उघडा असेल तेव्हाच चालतो; वेबमेलमधला सर्व्हरवर चोवीस तास चालतो आणि त्याचे फळ सगळ्या यंत्रांवर दिसते. मात्र नियम एकदा लावला की कायमचा झाला असे नाही. याचे उदाहरण तेलंगणातच घडले. मार्च २०२४ मध्ये राज्याची संक्षिप्त खूण 'टीएस' ची 'टीजी' झाली. नव्या वाहनांच्या पाट्या बदलल्या, एसटी महामंडळाचे नाव बदलले, तेलंगणा लोकसेवा आयोग टीएसपीएससीचा टीजीपीएससी झाला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाने 'प्रेषकात टीएसपीएससी असेल तर महत्त्वाचे म्हणून खूण कर' असा नियम लावला असेल, तर नव्या नावाने येणाऱ्या पत्राला तो नियम लागू होणार नाही. ते जाहिरातींच्या गर्दीत पडून राहील. एमसेटचे ईएपीसेट झाले तेही त्याच वर्षी. सरकारी नावे बदलली की आपले नियमही बदलायचे, आणि भरतीच्या मोसमात आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर स्वतः उघडून पाहायचा.

मराठीतून पत्रे लिहिणाऱ्यांसाठी: आज सगळे प्रोग्राम युनिकोड जाणतात, त्यामुळे देवनागरी पत्र कुठेही सारखेच दिसते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पत्रे मात्र अगम्य चिन्हांच्या ओळी दाखवतात. ती फेकू नका. तो फाँट बसवला की मजकूर परत वाचता येतो आणि युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. देवनागरीत खुद्द पत्ताही असू शकतो: 'डॉट भारत' हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये सुरू झाले आणि जयपूरच्या एका कंपनीने २०१६ मध्ये भारतीय लिप्यांतले पत्ते द्यायला सुरुवात केली. असा पत्ता जरूर घ्यावा, पण अर्जात देण्यापूर्वी तो अर्ज तो स्वीकारतो का ते तपासावे. पुष्कळ सरकारी अर्जांचे रकाने अजून रोमन अक्षरांशिवाय काही घेत नाहीत, आणि मराठी माणसाने याबद्दल तक्रार नोंदवत राहायला हवे असे मला मनापासून वाटते.

मग किती पत्ते ठेवायचे? माझे मत सरळ आहे: एक स्वतःचा, जो आयुष्यभर चालेल, एक कामाचा किंवा दुकानाचा, आणि खरेदी-जाहिरातींसाठी हवा असेल तर तिसरा. महाविद्यालयाने किंवा कंपनीने दिलेला पत्ता त्यांचा असतो, आपला नव्हे. शिक्षण संपले की तो जाऊ शकतो, म्हणून बँक आणि आधारशी निगडित काहीही त्यावर ठेवू नये. प्रत्येक अर्जासाठी वेगळे खाते काढण्याची गरज नाही. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, जसे 'नाव अधिक नीट', तरी पत्र त्याच पेटीत येते आणि कुठल्या अर्जाचे ते ओळखता येते. काही अर्ज अधिक चिन्ह घेत नाहीत, तिथे मूळ पत्ता द्यावा. जीमेल नावातले पूर्णविराम मोजत नाही, हेही लक्षात असू द्या. पूर्णविराम घालून आपण वेगळा आयडी केला असे कित्येकांना वाटते. ती पेटी मूळ मालकाचीच असते, आणि मग भलत्याच्या निकालाची पत्रे भलत्याला जातात.

जुना पत्ता बंद करताना क्रम चुकवू नका. आधी त्या पेटीत 'पासवर्ड', 'नोंदणी', 'खाते', 'पॉलिसी' असे शब्द इंग्रजीत शोधा, म्हणजे तो पत्ता कुठे कुठे दिला आहे याची यादी हाती लागते. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, जीएसटी, प्राप्तिकर, परीक्षा मंडळे अशा एकेक ठिकाणी जाऊन पत्ता बदला. बदलाची पुष्टी अनेकदा जुन्याच पत्त्यावर येते, म्हणून तोवर तो जिवंत हवा. सगळे बदलून झाल्यावरही वर्षभर तो उघडा ठेवा. वार्षिक हप्त्याची, नूतनीकरणाची पत्रे वर्षातून एकदाच येतात आणि राहून गेलेली ठिकाणे तीच दाखवून देतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे, म्हणून जी ठेवायची ती अधूनमधून उघडा.

शेवटी सुरक्षित प्रत. गूगलच्या 'टेकआउट' सोयीतून सगळी पत्रे एमबॉक्स या प्रकारच्या फायलीत उतरवता येतात. थंडरबर्डमध्ये पत्रे, पत्ते आणि सेटिंग हे सारे 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरात असते. प्रोग्राम बंद करून तो फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला की झाले. नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड बसवून तोच फोल्डर परत ठेवला तर पाचही पेट्या होत्या तशा उघडतात. फक्त ती डिस्क कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवू नका, आणि पासवर्डांची वही तिच्यासोबत तर नाहीच नाही.